खिसा असलेला पडदा

किस्से साठवायला कपाट लागत नाही, हे एक बरं आहे. आमच्या घरी कपाट एकच, आणि त्याचाही खालचा खण कापडाच्या तुकड्यांनी भरलेला. त्यामुळे वर्षभरात या घरात जे जे घडलं ते मी डोक्यातच ठेवत आले. कमी बोलणाऱ्या माणसाच्या डोक्यात जागा तशी बरीच असते. पण आता तिथेही दाटी व्हायला लागली आहे, म्हणून थोडे किस्से बाहेर काढून ठेवते.

घर के. आर. पुरमला, भाड्याचं. एक हॉल, एक खोली, स्वयंपाकघर. माणसं चार. अण्णा म्हणजे माझे सासरे. ते टेलर आहेत, बसथांब्यासमोर त्यांचं एवढंसं दुकान आहे, आणि जुनी शिलाई मशीन घरी हॉलमध्ये. अक्का म्हणजे सासूबाई. रघू माझा नवरा, होसकोट्याच्या एका कंपनीत मशीनचे सुटे भाग तपासतो. आणि मी शीतल, बार्शीची. व्हाइटफील्डच्या एका ऑफिसात कॉम्प्युटरसमोर बसते. सासरची मंडळी किती पिढ्यांपासून बेंगळुरूत आहेत ते त्यांनाही नक्की माहीत नाही. घरात मराठी बोलतात, पण मोजतात कन्नडमधून.

माझ्या बाबांना हे स्थळ फारसं पटलं नव्हतं. भाड्याचं घर, एवढीशी जागा, दूरचा मुलूख. मी हो म्हटलं म्हणून त्यांनी हो म्हटलं. पाठवणीच्या वेळी सगळे रडत होते, तेव्हा ते माझ्या कानाशी आले आणि म्हणाले, "तुझी खोली तशीच ठेवतो. काही वाटलं तर सरळ गाडीत बसायचं. कारण विचारणार नाही."

आणि खरंच ठेवली! लग्नानंतर पंधरा दिवसांत काकांकडून आमच्या वाट्याचा कांदा आला. आई म्हणाली, "शीतलच्या खोलीत पसरू, ती काय आता लगेच येत नाही." बाबा म्हणाले, "तिची खोली आहे ती." कांदा जिन्याखाली गेला आणि श्रावणापर्यंत निम्मा सडला.

दर रविवारी बाबांचा फोन येतो. ऊन, पाऊस, तब्येत झाली की शेवटचं वाक्य ठरलेलं: "खोली तशीच आहे." मी म्हणते, "हो बाबा, पण मी मजेत आहे." हे मी कितीदा सांगितलं असेल! पण गप्प मुलीची पंचाईत अशी, की ती मजेत आहे म्हणाली तरी कुणाला खरं वाटत नाही.

*

लग्नानंतरचा पहिला रविवार. सकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून कोपऱ्यावरच्या दर्शिनीत जायचं, असा इथला रिवाज. दर्शिनी म्हणजे उभ्यानं खायचं हॉटेल. खुर्च्या नाहीत, उंच टेबलं, आणि इडली तुम्ही सुट्टे मोजेपर्यंत समोर. मी नवी साडी नेसून गेले होते.

रघू काउंटरवर म्हणाला, "दोन कॉफी. वन बाय टू."

आले चार ग्लास. प्रत्येकात अर्धी कॉफी.

मी ग्लासात बघितलं, मग रघूकडे बघितलं. आमच्याकडे पाहुण्याला कप काठोकाठ भरून देतात; बशीत सांडला तर आग्रह आणखी खरा समजतात. आणि इथे नव्या सुनेला अर्धी कॉफी! मला वाटलं, बाबांचंच बरोबर होतं की काय?

दोन घोटांत ती संपली. मी रिकामा ग्लास धरून उभी राहिले, कारण बाकीचे तिघंही रिकामे ग्लास धरून उभे होते, अगदी निवांत. अक्कांनी भाजीवालीशी झालेलं भांडण सांगितलं. अण्णांनी एका गिऱ्हाइकाची पोट आत ओढून माप देण्याची नक्कल केली. बऱ्याच वेळानं रघू पुन्हा काउंटरवर गेला. "दोन कॉफी. वन बाय टू."

मी हळूच विचारलं, "मग पहिल्यांदाच पूर्ण का नाही घ्यायची?"

रघूला प्रश्नच कळला नाही. अण्णांना कळला. ते मला 'अम्मा' म्हणतात, इथे लेकीला म्हणतात तसं. म्हणाले, "फुल्ल घेतली तर पिऊन घरी जावं लागतं ना, अम्मा!"

त्या दिवशी बाबांच्या फोनवर मी सांगितलं, "हॉटेलात गेलो होतो सगळे, कॉफी प्यायलो." 'अर्धी' हा शब्द गाळला.

*

अण्णांच्या दुकानात एक पाटी आहे: तीन महिन्यांत कपडे न नेल्यास जबाबदारी आमची नाही. प्रत्यक्षात अण्णा तीन वर्षं थांबतात. "नोकरी गेली असेल, आजारी असेल, गावी गेला असेल. येईल की!" तीन वर्षांनीही कोणी आलं नाही तर ती पँट आमच्या घरी येते आणि तिचा पुनर्जन्म होतो. उशीचा अभ्रा, मिक्सरचं झाकण, बाजाराची पिशवी.

हॉलच्या खिडकीचा पडदा पाच पँटींचा आहे. राखाडी, करडा, निळसर, असे उभे पट्टे. इस्त्रीची घडी अजून जात नाही. त्यातल्या एका पँटचा खिसा अण्णांनी उसवलाच नाही. "चांगला खिसा आहे, कशाला उसवायचा?" त्यामुळे आमच्या पडद्याला खिसा आहे. त्यात विजेचं बिल, अक्कांचा चष्मा आणि रघूचा कंगवा राहतो. घरात काही सापडलं नाही की अक्का म्हणतात, "पडद्यात बघ."

एका शनिवारी मी अण्णांचा डबा घेऊन दुकानात गेले होते. एक गृहस्थ आले. म्हणाले, "चार वर्षांपूर्वी पँट टाकली होती. मंगळुरूला बदली झाली, राहूनच गेलं. चॉकलेटी, बारीक चौकडा." बोलणं कन्नडमधून होतं, पण तेवढं मला कळायला लागलं होतं.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघितलं. चॉकलेटी, बारीक चौकडा!

अण्णांना खोटं बोलता येत नाही, ही त्या दुकानाची जुनी अडचण आहे. त्यांनी माझ्या पिशवीतून डबा काढला आणि पिशवी गृहस्थांच्या हातात दिली. गृहस्थांनी ती उलटी केली, सुलटी केली, आपल्या पोटाला लावून बघितली. मग पोटावरून हात फिरवत म्हणाले, "तशीही आता झाली नसती."

मी सुटकेचा श्वास सोडतेय तोच ते गंभीर होऊन विचारते झाले, "दुसरा पाय शिल्लक आहे का?"

"आहे," अण्णा म्हणाले.

"मग मिसेससाठी एक अशीच शिवून द्या. शिलाई वेगळी घ्या."

ही पिशवी त्यांनी आठ दिवसांत नेली.

*

एवढ्याशा घरात नव्यानं लग्न झालेल्या जोडप्याचं काय होतं, हा प्रश्न मला ऑफिसातल्या मुली डोळे मिचकावून विचारतात. मी हसून सोडून देते. पण उत्तर असं आहे.

दर शनिवारी संध्याकाळी अण्णा-अक्का स्कूटरवरून मारुतीच्या देवळात जातात. देऊळ चालत पाच मिनिटांवर आहे. तिथून यायला त्यांना बरोबर दोन तास लागतात. आणि परत येताना अण्णा गल्लीच्या तोंडापासून दारापर्यंत हॉर्न वाजवत येतात. गल्लीत कुत्रंसुद्धा आडवं नसतं!

एका शनिवारी हॉर्न बिघडला. आम्हाला माहीत नव्हतं. आम्ही दोघं आपले खोलीत गप्पा मारत बसलेलो. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाकडून अण्णांचा आवाज आला. स्कूटर बंद करून, उभं राहून ते अक्कांना ओरडून विचारत होते:

"काय हो, आलो का आपण घरी?"

*

महिन्यातून एखादा रविवार आम्ही मॉलमध्ये जातो. फुकट गारवा मिळतो, सरकत्या जिन्यावरून दोनदा वरखाली करता येतं. रघू आणि मी माणसं बघतो. अक्का भांडी बघतात. अण्णा शर्ट बघतात, पण ते आतून. हँगरवरचा शर्ट उलटा करायचा, शिवणीवरून बोट फिरवायचं, मग कॉलर चिमटीत धरून डोळे मिटायचे. सेल्समन धावत येतो. "कॅन आय हेल्प यू, सर?"

"नो, नो," अण्णा म्हणतात. "आय ॲम ओन्ली रीडिंग."

एकदा मी एका कुर्त्यासमोर दोन मिनिटं थांबले. फक्त थांबले, हातही लावला नाही. अण्णा पुढे निघून गेले होते, असं मला वाटलं. दहा दिवसांनी तसाच कुर्ता माझ्या उशीजवळ घडी करून ठेवलेला! कापड शर्टांच्या उरलेल्या तुकड्यांचं, जोड असे बेमालूम, की ती डिझाइनच वाटावी.

ऑफिसात तो घालून गेले तर नेहानं, माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं, मला गोल फिरवूनच बघितलं. "क्या फिटिंग है यार! कौन सा ब्रँड?"

"अण्णा," मी म्हटलं.

"नया है क्या? ऑनलाइन मिलता है?"

"नहीं. सिर्फ के. आर. पुरम में."

पुढच्या रविवारी नेहा आणखी दोघींना घेऊन मेट्रोनं आली. मी त्यांना दुकानात नेलं. तीन मुली, तिघींच्या हातात कापड, आगाऊ पैसे द्यायला तयार. मला मनातून फार बरं वाटलं. घरात काही आणल्यासारखं.

अण्णांनी हात जोडले. "सॉरी मा. ओन्ली जेंट्स." दुकानाबाहेर पाटीही तशीच आहे.

नेहानं माझ्या कुर्त्याकडे बोट दाखवलं. "और ये, अंकल?"

अण्णांनी चष्म्यावरून बघितलं. त्यांचं हिंदी तोकडं आहे, म्हणून शब्द जुळवायला वेळ लागला.

"ये गिऱ्हाईक नहीं," ते म्हणाले. "ये घर का है."

तीन कुर्त्यांची शिलाई घालवली म्हणून अक्का त्यांच्याशी दोन दिवस तुटक बोलत होत्या. मी मात्र त्या दोन दिवसांत तो कुर्ता दोन्ही दिवस घातला.

*

सर्जापूर रोडला नवे फ्लॅट बांधतात, त्यांचा एक नमुन्याचा फ्लॅट सजवून ठेवलेला असतो. फोन केला की गाडी न्यायला येते. एसी गाडी, पोचल्यावर लिंबू सरबत आणि समोसे. आमच्या घरची ही वर्षाची सहल. अण्णा त्यासाठी स्वतः शिवलेला कोट घालतात.

मला आधी फार लाज वाटली. घ्यायचा नाही तर बघायचा कशाला? पण अक्कांना बघितलं आणि गप्प बसले. त्या बघायला आल्यासारख्या बघतच नव्हत्या. घ्यायचा असल्यासारखं, अगदी मनापासून बघत होत्या. नळ सोडला, बंद केला. ओट्यावर तळवे टेकवले. "उंच आहे. कणीक मळताना खांदा दुखेल." बाल्कनीत गेल्या. "सांडगे इथे वाळतील का? ऊन कुठल्या बाजूनं येतं?"

विकणारी मुलगी बिचारी माझ्याच वयाची, ऊन कुठून येतं ते तिला माहीत नव्हतं. ती स्विमिंग पूल सांगत होती. अक्का ऊन विचारत होत्या.

तेवढ्यात अण्णांचं लक्ष तिच्या ब्लेझरच्या बाहीकडे गेलं. काठ उसवून दोरा लोंबत होता. अण्णांच्या कॉलरखाली ओवलेली सुई कायम टोचलेली असते. "एक मिनिट, मा," म्हणून त्यांनी तिचा हात धरला आणि त्या दोन कोटींच्या फ्लॅटमध्ये, सोफ्यावर बसून, बाही शिवून दिली. दोरा दातानं तोडला.

"समोसे फिटले," मला मराठीत म्हणाले.

निघताना तिनं आशेनं विचारलं, "सो, आंटी, लाइक्ड इट?"

अक्कांनी अख्ख्या फ्लॅटवरून पुन्हा एकदा नजर फिरवली. "चांगला आहे. पण मशीन कुठे मावणार ह्यांची? सरी, नको." सरी म्हणजे कन्नडमधलं 'बरं'.

परतीच्या गाडीत सगळे आपापल्या खिडकीतून बाहेर बघत होते. मला वाटलं, आता कुणाला तरी वाईट वाटणार. बराच वेळ गेल्यावर अक्का म्हणाल्याच, "वाईट वाटतंय."

अण्णांनी खिडकीतून मान वळवली.

"त्या पोरीला हो," अक्का म्हणाल्या. "किती मनापासून दाखवला, आणि आपण नको म्हटलं!"

*

या एप्रिलमध्ये आई-बाबा पहिल्यांदा घर बघायला आले. येणार म्हणून कळलं तेव्हा वर्षभरात पहिल्यांदा मी या घरात काही मागितलं. म्हटलं, "पडदे बदलूया का?"

"का गं? परवाच धुतलेत की!" अक्का म्हणाल्या.

अण्णांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मला स्वतःचा इतका राग आला की मी भाजी निवडायला घेतली, आणि ती निवडलेली होती.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत. आयुष्यभर कालव्यांची पाहणी केली. घरात शिरले तसे तीच नजर. भिंतीची ओल बघितली. दार लागतं का बघितलं. आम्ही खोली त्यांना दिली आणि चौघं हॉलमध्ये रांगेत झोपलो, तेही बघितलं. मी आतल्या आत उत्तरं तयार करत होते. ते प्रश्नच विचारत नव्हते.

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर बाबांचा चष्मा सापडेना. सगळ्यांनी अंथरुणं झटकली, आईनं पिशव्या उपसल्या. शेवटी अक्का सवयीनं म्हणाल्या, "पडद्यात बघा."

तिथेच होता! सकाळी खिडकीशी पेपर वाचताना बाबांनी चष्मा काढून, न बघता, स्वतःच्या खिशात ठेवावा तसा ठेवून दिला होता. आता त्यांनी पडदा जवळ ओढला. खिशात हात घातला, मनगटापर्यंत.

"खोल आहे," एवढंच म्हणाले.

मग आला रविवार. दर्शिनीत अण्णा स्वतः काउंटरवर गेले, व्याह्यांचा मान म्हणून. मी मागून धावणारच होते, पण तोंडातून शब्द निघायला मला नेहमीच वेळ लागतो. अण्णांच्या तोंडातून तीस वर्षांची सवय निघून गेली होती:

"तीन कॉफी. वन बाय टू."

सहा ग्लास आले. बाबांनी आपल्या ग्लासात बघितलं. मला माझा पहिला रविवार आठवला. त्या दिवशी कुणी भाजीवालीचं भांडण सांगितलं नाही, कुणी नक्कल केली नाही. बाबांनी दोन घोटांत कॉफी संपवली आणि रिकामा ग्लास हातात धरून उभे राहिले.

अण्णांच्या लक्षात आता आलं. "अय्यो!" ते काउंटरकडे वळले. "फुल्ल आणतो, फुल्ल—"

"थांबा, अण्णासाहेब," बाबा म्हणाले. "हिची व्हायचीय अजून."

आई कॉफी फुंकून फुंकून पीत होती. बार्शीला ती सगळ्यांना चहा देते आणि स्वतःचा नंतर, ओट्याशी, गार झालेला पिते. बाबांच्या शेजारी उभं राहून, एकाच वेळी, काहीतरी पिताना मी तिला कधी बघितलंच नव्हतं. सगळे आपल्यासाठी थांबलेत हे बघून ती गोंधळली, आणि गोंधळून बोलायला लागली. बार्शीच्या स्टँडवर एक शेळी एसटीत चढली आणि कंडक्टरनं ती कुणाची ते शोधायला अख्खी गाडी रिकामी केली, ती गोष्ट. अक्का हसून हसून टेबलाला धरून उभ्या. बाबा आईकडे असे बघत होते, जसं काही ती शेळी त्यांनी पहिल्यांदाच ऐकली. ऐकली असेलही पहिल्यांदाच.

दुसऱ्या फेरीला काउंटरवर कोण गेलं ते मी बघितलं नाही. मी आईकडे बघत होते. पण ग्लास आले ते सहाच, आणि अर्धे.

*

अण्णांना मात्र ती अर्धी कॉफी लागून राहिली. त्याच दुपारी त्यांनी टेप काढली. "व्याह्यांना शर्ट शिवतो. नाही म्हणू नका."

बाबा हॉलच्या मधोमध हात पसरून उभे. अण्णा माप घेऊन कन्नडमधून आकडे सांगतायत, अक्का वहीत लिहितायत. मी आत भाकऱ्यांचं पीठ मळत होते; हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यात आमच्याकडे फक्त एक उंबरठा आहे.

हात पसरून उभ्या असलेल्या माणसाला कुठे जाता येत नाही. त्यामुळेच असेल, बाबांनी विचारलं, "अण्णासाहेब, पोरगी बोलते का हो घरात?"

माझे हात परातीतच थांबले.

"छाती, मूवत्तेंटु," अण्णांनी आधी आकडा सांगितला, अडतीस. मग म्हणाले, "नाही हो. फार नाही बोलत. स्वल्प."

अक्कांनी आकडा वहीत लिहिला.

"पण हसते," अण्णा म्हणाले. "आली तेव्हा तोंडावर हात ठेवून हसायची. दिवाळीपासून हात ठेवत नाही."

टेप गुंडाळल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं बाबांचा.

"हात खाली घेऊ का?"

"सरी, घ्या."

स्टेशनवर गाडी सुटेपर्यंत मी खिडकीशी उभी होते. बाबांच्या त्या ठरलेल्या वाक्याची वाट बघत. या वेळी माझ्याकडे उत्तर होतं, चांगलं लांब, पाठ केलेलं. पण बाबा म्हणाले, "ऑफिसात पाणी पीत जा," आणि गाडी सुटली.

*

पुढच्या रविवारी फोन आला. आम्ही दर्शिनीतून नुकतेच परत आलो होतो. बाबांनी ऊन सांगितलं, आईचे गुडघे सांगितले. शर्ट उत्तम बसलाय म्हणाले, खिसा खोल आहे म्हणाले. मग नेहमीची ती जागा आली, जिथे ते वाक्य येतं. बाबा जरा थांबले.

"बरं, आईशी बोल," म्हणाले.

आई धापा टाकत होती. "अगं, काय सांगू! काकांकडचा कांदा आला काल. तुझ्या बाबांनी पलंग उभा करून भिंतीला लावलाय, आणि सगळा कांदा तुझ्या खोलीत पसरलाय. पाय ठेवायला जागा नाही बघ!"

मी फोन ठेवला. अक्का पडद्याच्या खिशात चष्मा शोधत होत्या.

"काय म्हणतायत व्याही?"

"काही नाही," मी म्हटलं. "यंदा कांदा चांगला आलाय."